‘विंड ऑफ चेंज’ बसवताना: शीळ, पट्टी आणि बर्लिनची ती भिंत

प्रश्न असा आहे. पुण्यातला एक कॉलेज बँड: दोन गिटार, बेस, ड्रम्स, कीबोर्ड, आणि गाणारा म्हणजे दोघांतला एक गिटारवाला. डिसेंबरच्या गॅदरिंगला स्कॉर्पिअन्स या जर्मन रॉक बँडचं ‘विंड ऑफ चेंज’ करायचंय. शीळ दर वेळी बेसूर होते, कोरसमध्ये (ध्रुवपदात) गायकाचा आवाज फाटतो, आणि दुसऱ्या कोरसनंतर गाणं बसतं ते उठतच नाही. एक मराठी कडवं घालायची हौस आहे. आणि मागच्या एलईडी पडद्यावर बर्लिनची भिंत पाडतानाची दृश्यं लावावीत की नाही, यावरून बँडमध्ये दोन तट पडलेत.

सुरुवात भिंतीपासून करू, कारण गाणं ‘बसतं’ त्याचं मूळ माझ्या मते तिथेच आहे.

हे गाणं बर्लिनच्या भिंतीवर लिहिलेलं नाही. ते मॉस्कोचं आहे. १२ आणि १३ ऑगस्ट १९८९ ला मॉस्कोच्या लेनिन स्टेडियममध्ये (आजचं लुझ्निकी) मॉस्को म्युझिक पीस फेस्टिव्हल झाला. बॉन जोव्ही, मॉटली क्रू, ऑझी ऑस्बर्न, सिंड्रेला, स्किड रो, रशियन बँड गोर्की पार्क, आणि हानोव्हरहून आलेले स्कॉर्पिअन्स. गायक क्लाउस माइने मॉस्क्वा नदीतून बोटीने गोर्की पार्ककडे गेला. बोटीत निरनिराळ्या देशांचे वादक होते, पत्रकार होते, सोव्हिएत सैनिकही होते. स्टेडियममध्ये बंदोबस्ताला उभे असलेले सैनिक पाठ फिरवून मंचाकडे बघायला लागले, हेही त्याने पुढे मुलाखतींत सांगितलं. गाणं त्यानंतर काही आठवड्यांतच लिहिलं गेलं, शब्द आणि चाल दोन्ही त्याचीच. भिंत उघडली ९ नोव्हेंबर १९८९ ला. म्हणजे हे लिहिताना भिंत जागेवर होती आणि ती वर्ष संपायच्या आत जाईल असं कुणी पैजेवरही म्हटलं नसतं.

गाण्याचं बीज आणखी एक वर्ष मागे आहे. एप्रिल १९८८ मध्ये स्कॉर्पिअन्सनी लेनिनग्राडला दहा कार्यक्रम केले. ठरलं होतं पाच मॉस्कोत आणि पाच लेनिनग्राडला. मॉस्कोचे रद्द झाले, म्हणून सगळे लेनिनग्राडला. याच शहराला जर्मन सैन्याने सप्टेंबर १९४१ पासून जानेवारी १९४४ पर्यंत वेढा घातला होता. आपल्या आईबापांची पिढी इथे रणगाडे घेऊन आली आणि आपण गिटार घेऊन आलोय, हे भान त्या जर्मन वादकांना होतं. ते माहीत असलं की गाण्यातला ‘आपण जवळ येऊ शकतो, भावांसारखे’ हा भाव भाबडा वाटत नाही. तो माणूस कुठे उभा राहून म्हणतोय, ते कळतं.

मग भिंत आली कुठून? ‘क्रेझी वर्ल्ड’ हा अल्बम नोव्हेंबर १९९० चा, जर्मनीच्या एकीकरणानंतर महिनाभराने आलेला. सिंगल निघालं जानेवारी १९९१ मध्ये. व्हिडिओत भिंत बांधल्याची आणि पाडल्याची दृश्यं घातली गेली. १९९१ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोत सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्धचा उठाव फसला, आणि त्याच महिन्याच्या शेवटी गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत चौथ्या क्रमांकावर होतं. जर्मनीत पहिलं, ब्रिटनमध्ये दुसरं. डिसेंबरमध्ये बँड क्रेमलिनमध्ये गोर्बाचेव्ह यांना भेटला आणि काही दिवसांत सोव्हिएत संघच उरला नाही. आपल्याकडे त्याच सुमारास केबलवर एमटीव्ही यायला लागलं, त्यामुळे इथल्या पहिल्या श्रोत्यांनी गाणं भिंतीच्या दृश्यांसकटच पाहिलं. गैरसमज होणार नाही तर काय होणार!

याचा वादनाशी संबंध असा की हे गाणं विजयाचं नाही, चाहुलीचं आहे. कडव्यांतला माणूस चालतोय आणि ऐकतोय. वारा अजून सुटायचाय. बहुतेक कव्हर बँड मात्र निकाल लागल्यासारखं वाजवतात: पहिल्या कोरसलाच झांजा, डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम फाटका केलेला आवाज), मुठी वर. मग दुसऱ्या कोरसला द्यायला काही शिल्लक राहत नाही आणि गाणं बसतं. तुमचंही तेच होत असणार.

आता शीळ. रेकॉर्ड कंपनीला ती नको होती, काढून टाका म्हणत होते. माइने आणि मंडळींनी ती ठेवली. पण मंचावर तिच्याइतका धोकादायक भाग दुसरा नाही, आणि कारण शुद्ध भौतिक आहे. गळ्याच्या किंवा गिटारच्या सुरात मूळ सुराबरोबर वरचे स्वरांश भरपूर असतात, त्यामुळे सूर थोडा हलला तरी कान सांभाळून घेतो. शिळेत जवळजवळ नुसता मूळ सूरच असतो. लपायला जागा नाही. सूर जरासा चढला की शेवटच्या रांगेतल्यालाही कळतं. आणि घाबरलेला माणूस जोरात फुंकतो, जोरात फुंकलं की सूर चढतो. तुमची शीळ बेसूर होते म्हणजे बहुधा खाली नाही, वर जात असेल. रेकॉर्ड करून ट्यूनर ॲपवर बघा.

उपाय रोजचा आणि कंटाळवाणा आहे. तानपुरा ॲप पांढरी १ ला (म्हणजे सी ला) लावा, पंचमाऐवजी मध्यम ठेवा. एकेक सूर आठ सेकंद, हलक्या फुंकेने. फुंक वाढवून सूर वर न्यायचा नाही, जिभेच्या जागेने न्यायचा. दिवसाला दहा मिनिटं पुरे, त्यापुढे ओठांचे स्नायू थकतात आणि चुकीची सवय लागते. मध्यम कशासाठी? शिळेखालच्या कॉर्ड आहेत एफ, डी मायनर, एफ, डी मायनर, ए मायनर, डी मायनर, ए मायनर, जी. गाणं सी मेजरमध्ये असूनही सुरुवात ‘सा’ वर नाही, मध्यमावर आहे. म्हणून ती चाल जमिनीवर पाय टेकल्यासारखी वाटत नाही, तरंगते. तुम्ही सी कानात धरून सुरू केलंत तर पहिलाच सूर अंदाजाने लागेल. एफ कॉर्ड कानात घ्या, मग सुरू करा.

मंचावर तोंड कोरडं पडतं. पाण्याचा घोट आधीच्या गाण्याच्या शेवटी घ्या, ऐन वेळी नको, कारण ओठ फार ओले असले तरी शीळ फुटते. लिप बाम लावायचाच असेल तर पंधरा-वीस मिनिटं आधी. तेलकट ओठ निसटतात. आणि शीळ घालताना समोरच्या मित्रांकडे बघायचं नाही. हसू आलं की ओठ ताणले जातात आणि शीळ संपते. हा विनोद नाही, गॅदरिंगमध्ये शिळेचा बळी बहुतेक वेळा असाच जातो.

माईक समोर सरळ धरलात तर फुंक आत जाते आणि स्पीकरमधून भसभस ऐकू येते. साधा डायनॅमिक माईक तोंडापासून ८ ते १० सेंटिमीटरवर, बाजूला ४५ अंशांत. जमलं तर शिळेसाठी वेगळा चॅनल मागून घ्या आणि त्यावर साधारण २५० हर्ट्झच्या खालचं सगळं कापायला सांगा. शिळेचं तिथे काहीच नसतं, फक्त फुंक असते. साउंडवाला ‘चमक’ म्हणून वरच्या फ्रिक्वेन्सी चढवायला लागला तर थांबवा. शिळेला चमक नसतेच, चढतो तो खरखराट. शिळेचा एकसुरी आवाज मॉनिटरमध्ये (वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) जास्त दिला तर फीडबॅक, म्हणजे माईकची शिट्टी, चटकन धरतो, म्हणून मॉनिटरमध्ये शीळ कमी आणि गिटार-कीबोर्ड जास्त. रिव्हर्ब (आवाजामागचा घुमारा) दोन-अडीच सेकंदांचा चालेल. त्याहून लांब ठेवला तर मागचा सूर पुढच्या कॉर्डवर सांडतो.

शीळ गायकानेच घालावी असा नियम नाही. ज्याची चांगली लागते त्याने घालावी. बासरीवाला असेल तर तीही शोभते, पण मींड आणि मुरक्या बाहेर ठेवायला सांगा. रस्त्याने चाललेला माणूस सहज घालतो तशी ती चाल आहे.

शिळेखालची गिटार हा या गाण्यातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त बिघडवला जाणारा भाग. एफला पूर्ण बार (एका बोटाने सगळ्या तारा दाबणं) घेऊ नका. चारच तारा घ्या: चौथी तार तिसरा फ्रेट, तिसरी तार दुसरा, दुसरी आणि पहिली तार पहिला फ्रेट. आता डी मायनरला जाताना मधलं बोट जागचं हलत नाही, तर्जनी पहिल्या तारेवर तशीच राहते, फक्त अनामिका चौथ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जाते. दोन्ही कॉर्डमधले ए आणि एफ हे सूर सामाईक आहेत, ते वाजतच राहिले पाहिजेत. प्रत्येक बदलाला हात उचललात तर तो धागा तुटतो आणि शिळेला खालून आधार मिळत नाही. क्लीन टोन, थोडा ‘कोरस’ नावाचा इफेक्ट (ध्रुवपदाशी संबंध नाही; मिक्स २५ टक्क्यांच्या आत, वेग मंद). तारा एकेक छेडायच्या, खरडायच्या नाहीत.

लय. मूळ रेकॉर्डिंग मिनिटाला ७५ ठोक्यांच्या आसपास आहे. अल्बमवरची लांबी पाच मिनिटं दहा सेकंदांच्या घरात, म्हणजे चार मात्रांची साधारण ९७ मापं. स्वतःची तपासणी सोपी आहे: तालमीचं रेकॉर्डिंग पूर्ण लांबीचं असून वीसेक सेकंद आधी संपलं, तर तुम्ही सरासरी ८० ने वाजवलंत. पाच ठोके म्हणजे काही नाही असं वाटतं, पण या लयीत कडव्याचे शब्द धापा टाकायला लागतात. क्लिक (मेट्रोनोमचा ठोका) फक्त ड्रमरच्या कानात देऊन भागत नाही, कारण सुरुवातीच्या शिळेत ड्रम्स नसतील. क्लिक पहिल्या गिटारवाल्यालाही द्या. नाहीतर तो त्याच्या मनाने सुरू करतो, ड्रमर क्लिकने आत येतो, आणि पहिल्या कडव्यालाच गाडी रूळ बदलते.

डिले (सुराचा पडसाद देणारा इफेक्ट) वापरत असाल तर याच आकड्यावरून काढा. ६०,००० भागिले ७५, म्हणजे एका ठोक्याला ८०० मिलिसेकंद. अर्ध्या ठोक्याचा डिले ४०० चा. सोलोला (एकट्या गिटारच्या तुकड्याला) ४०० ठेवा, दोन-तीन पुनरावृत्ती, मिक्स २० टक्के. अंदाजाने ३५० किंवा ४५० लावलात तर प्रत्येक पडसाद लयीच्या किंचित बाजूला पडतो आणि वाजवणारा नकळत त्याच्यामागे ओढला जातो.

पट्टीचं बघू. माइनेचा आवाज उंच आणि पातळ धारेचा आहे. १९८१ मध्ये त्याचा गळा पूर्ण बसला होता, स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया झाली, तरी परत उभा राहिलेला गायक आहे तो. तो वरचे सूर ओरडत नाही, हलके धरतो. तुमच्या गायकाचा आवाज फाटतो कारण कोरस पुरुषी आवाजाच्या वरच्या टोकाला आहे आणि तो तिथे छातीच्या जोरावर चढतोय. पट्टी उतरवण्यात कमीपणा काही नाही. दोन रस्ते.

पहिला, पांढरी १ वरून काळी ५, म्हणजे पूर्ण एक सूर खाली. गिटार आणि बेसच्या सगळ्या तारा एकेक सूर उतरवा, कीबोर्डवर ट्रान्सपोज उणे दोन, आणि सगळ्यांनी सी मेजरच्याच बोटांनी वाजवा. मोकळ्या तारांचा घुमारा तसाच राहतो. तोटा: तारा सैल पडतात, जोरात छेडली की सूर क्षणभर चढतो. बारीक तारांचा संच (०.००९) असेल तर ०.०११ चा टाका आणि कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी, त्याच दिवशी नको. नव्या तारा सुरात टिकत नाहीत. आणि या एका गाण्यासाठी वेगळी गिटार हाताशी हवी, मंचावर सहा तारा उतरवत बसलात तर प्रेक्षक चहाला जातील.

दुसरा, पांढरी ६, तीन अर्धसूर खाली. दुसऱ्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावून जी मेजरच्या आकारांनी वाजवा: सी च्या जागी जी, डी मायनरला ए मायनर, ए मायनरला ई मायनर, एफला सी, जीला डी, ईला बी. शिळेखालची जोडी सी आणि ए मायनर होते, तिथेही एकच बोट हलतं. तारा बदलायला नकोत. फक्त ब्रिजमधला (सोलोकडे नेणाऱ्या तुकड्यातला) बी बार कॉर्ड आहे, तो आधी घोटून ठेवा. शीळ दोन्ही रस्त्यांत खाली येते, ते चांगलंच.

बहुतेक आवाजांना काळी ५ पुरते. आधी ती करून बघा.

आता रचना, म्हणजे जे राखून ठेवायचं ते. कडव्यांत सी, डी मायनर, ए मायनर, जी या कॉर्ड निवांत बदलतात. पहिल्या कडव्यात ड्रमरने स्नेअरवर न मारता काठावर टिचकी द्यायची, हाय-हॅट बंद. बेसने मूळ सूर धरून राहायचं. दुसऱ्या गिटारने काहीही वाजवायचं नाही. हे सांगायला लागतं, कारण मंचावर उभ्या असलेल्या गिटारवाल्याला काहीही न वाजवणं हे जगातलं सगळ्यात अवघड काम वाटतं.

कोरसमध्ये कॉर्ड अचानक दर दोन मात्रांना बदलायला लागतात: सी, जी, डी मायनर, जी. शब्दही लांबतात. म्हणजे वेग न वाढवता हालचाल वाढते, आणि इथेच नवखा बँड पळतो. ड्रमरने मनात आठ मोजत राहावं. डिस्टॉर्शनवर तीनसुरी पूर्ण कॉर्ड वाजवू नका. गेन वाढला की कॉर्डमधला गंधार बाकीच्या सुरांशी घासतो आणि चिखल होतो. सी, जी, डी, जी अशा दोन सुरांच्या पॉवर कॉर्ड घ्या आणि मेजर-मायनरचा रंग कीबोर्डवर सोडा. कीबोर्डवाल्याने स्ट्रिंग्जचा आवाज निवडताना अटॅक (सूर पूर्ण उमटायला लागणारा वेळ) ५० मिलिसेकंदांच्या आत आणावा. कडव्यात संथ अटॅक छान वाटतो, कोरसमध्ये मात्र कॉर्ड उमलायच्या आत पुढची येते आणि सगळं मागे पडल्यासारखं ऐकू येतं. डावा हात मधल्या सीच्या खाली नको, ती जागा बेसची.

पहिल्या कोरसला साठ टक्के आवाज, मागचे आवाज नाहीत. दुसऱ्याला मागचे आवाज. क्रॅश झांज त्याच्याही शेवटी. तिसरा, म्हणजे सोलोनंतरचा, पूर्ण.

सोलोकडे जाणारा ब्रिज हा या गाण्याचा खरा जिना आहे, त्याला वेळ द्या. इथपर्यंत सगळे सूर सी मेजरमधले, आपल्या भाषेत बिलावल थाटाचे, सात शुद्ध. ब्रिजमध्ये वजन ए मायनरकडे सरकतं, ए मायनर आणि जी असं झुलतं, सी आणि डी मायनरवरून पुढे येतं आणि ई मेजरवर थांबतं. या ईमध्ये जी शार्प आहे. सा पांढरी १ धरला तर कोमल धैवत. इतका वेळ जो सूर वापरलाच नव्हता तो इथे येतो, आणि नेमका त्या ओळीच्या शेवटी येतो जिथे गायक म्हणतो की माझ्या गिटारला जे सांगायचंय ते तुझ्या बाललायकाने (रशियन तंतुवाद्याने) गावं. त्यावर लगेच सोलो. सोलो संपतानाही ई मेजर येतो. कानाला आता ए मायनर हवा असतो, पण मिळतो सरळ सी. कोमल धैवत अर्धा सूर उतरून पंचमावर येतो आणि कोरस उघडतो.

कीबोर्डवाल्याने हे उतरणं ऐकू येईल असं वाजवावं: ई मेजर धरताना जी शार्प वरच्या टोकाला ठेवा, सी धरताना जी. तेवढ्या एका बोटाने तिसऱ्या कोरसचं निम्मं काम होतं. बरेच जण ब्रिजमधल्या ईच्या जागी नजरचुकीने ई मायनर वाजवतात, कारण सी मेजरच्या सवयीत हात तिकडेच जातो. मग जिन्याची शेवटची पायरीच गायब होते. गाणं उठत नाही म्हणता, तर तालमीच्या रेकॉर्डिंगमध्ये हे पहिलं तपासा.

सोलोत हुशारी नको. चाल गाण्यासारखी आहे, बेंड पूर्ण सुरापर्यंत पोहोचले पाहिजेत. आणि कुणी म्हणेल की खरा बाललायका आणू: तीन तारांचं त्रिकोणी वाद्य, नेहमीची सुरावट ई, ई, ए. मँडोलिनवर ए आणि ईच्या तारा असतातच, त्यामुळे नक्कल जमते. पण त्या ओळीला उत्तर गिटारच देते. तिथे मँडोलिन घातलं तर गाण्याने केलेली गंमत तुम्ही शब्दशः समजावून सांगितल्यासारखं होईल. हौस असेल तर पहिल्या कडव्यामागे हलकेच वाजवा.

मराठी कडव्याबद्दल. शब्दांचं भाषांतर किंवा बदल मंचावर करायचा तर हक्कधारकांची परवानगी लागते, हा भाग आहेच. (गॅदरिंगला प्रेक्षक फक्त विद्यार्थी, पालक, शिक्षक असतील तर नुसतं गाणं सादर करायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. तिकीट लावून बाहेरचे लोक येणार असतील तर आयोजकांनी आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचे परवाने देणाऱ्या संस्थेचा) परवाना बघावा.) पण परवानगी बाजूला ठेवली तरी अडचण भाषेची आहे. ‘परिवर्तनाचे वारे’ म्हटलं की निवडणुकीचा फ्लेक्स डोळ्यांपुढे येतो. ‘वारं फिरलं’ म्हटलं की पक्षांतर. मूळ शब्दही कोरा नव्हता म्हणा; ब्रिटिश पंतप्रधान हॅरोल्ड मॅकमिलन ३ फेब्रुवारी १९६० ला केप टाउनच्या संसदेत आफ्रिकेबद्दल बोलताना तो वापरून गेले होते. तरी माइनेच्या गाण्यात तो नदीकाठच्या झुळकेइतका हलका राहतो. आणि मॉस्क्वाच्या जागी मुठा घालायचा मोह तर कृपया आवरा. बँडने स्वतः रशियन आणि स्पॅनिश भाषेत हे गाणं रेकॉर्ड केलं होतं, पण जागा मॉस्कोचीच राहिली.

गोर्की पार्क मात्र मराठी श्रोत्याला अगदी परका नाही. मक्सीम गोर्कीची ‘आई’ मराठीत कितीतरी घरांत वाचली गेली. निवेदनात एक वाक्य बोलायचंच असेल तर तिथून बोला: ज्याच्या नावाने ते उद्यान आहे तो हा लेखक. ते पुरेसं आहे.

युक्रेनचा प्रश्न तुम्हाला कुणीतरी विचारेल, म्हणून सांगून ठेवतो. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर स्कॉर्पिअन्सनी सुरुवातीच्या ओळी बदलल्या. मॉस्क्वा आणि गोर्की पार्क काढून तिथे युक्रेनचं नाव आणि वारा बदलायची वाट पाहणं आलं. आज त्या शहराचं कौतुक गाणं माइनेला जमेना. तुम्ही मूळ ओळी गायल्यात तर चूक नाही, तुम्ही १९८९ गाताय. फक्त अर्धं जुनं, अर्धं नवं असं करू नका. सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने गाणं लिहून दिलं ही वावडी २०२० च्या एका पॉडकास्टमुळे पुन्हा फिरली. माइनेने हसून नाकारली. निवेदनात घेण्याइतकी ती मोठी नाही.

तर पडदा. भिंतीची दृश्यं लावणाऱ्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, गाण्याचा पुढचा प्रवास तिकडूनच गेला. जुलै १९९० मध्ये बर्लिनच्या पॉट्सडामर प्लाट्झ चौकातल्या, रॉजर वॉटर्सच्या ‘द वॉल’च्या भव्य कार्यक्रमात स्कॉर्पिअन्स होते. पण शिळेच्या वेळी पडद्यावर हातोडे पडायला लागले की पुढची पाच मिनिटं गायकाने वाट कशाची बघायची? माझं मत: शीळ आणि पहिल्या दोन कडव्यांना पडदा जवळजवळ काळा ठेवा, फार तर रात्रीचं पाणी. भिंत आणायचीच असेल तर सोलोनंतरच्या कोरसला आणा, सोलोच्या शेवटचा तो ई मेजर संपून सी लागतो त्या मापाला. प्रकाशवाल्याला संकेत शब्दांवर देऊ नका, सोलो प्रत्येक तालमीत थोडा वेगळा वाटतो. मापं मोजून द्या, किंवा ड्रमरच्या क्लिकच्याच ट्रॅकवर त्याच्यासाठी तोंडी मोजणी टाकून ठेवा.

शेवटी शीळ पुन्हा येते आणि तीच पुन्हा घसरते, कारण पूर्ण ताकदीचा कोरस गाऊन ओठ आणि श्वास दोन्ही दमलेले असतात. मध्ये गिटारला दोन मापं एकटी वाजू द्या. शीळ घालणाऱ्याने तेवढ्यात माईकपासून बाजूला होऊन दोन श्वास घ्यावेत, एफ ऐकावा, मग सुरू करावं. ड्रमरने काठ्या खाली ठेवाव्यात, नाहीतर हात शिवशिवतात. आणि निवेदकाला आधीच बजावून ठेवा, शीळ संपेपर्यंत माईक हातात घ्यायचा नाही.